म्हणीतला बैल कुणाच्या गोठ्यातला?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझी पिठाची गिरणी आहे. पट्टा घसरला की दळण थांबतं, बायका बाकड्यावर टेकतात आणि पट्टा चढेपर्यंत जे बोलणं होतं, त्यातलं थोडं मी उधारीच्या वहीत उतरून घेतो. पुढून उधारी, मागून म्हणी. दोन्ही बाजू सरकत सरकत जवळ आल्यात, मधे आता सात-आठ कोरी पानं उरलीत.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एकाच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली. गेल्यावर त्यानं तिथं सिमेंटची खोली बांधली, लोखंडी दार बसवलं, दोन कुलपं लावली. हा विषय बाकड्यावर निघाला. तांदूळ दळायला आलेल्या एक काकू म्हणाल्या, "बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय." त्यांच्या शेजारी जोंधळ्याचा डबा घेऊन बैलहोंगलकडच्या एक कानडी अक्का बसल्या होत्या. त्या हसल्या. "आमच्यातबी हाय की. ऊरु कोळ्ळे होद मेले कोटे बागिलु हाकिदरु." गाव लुटून नेल्यावर किल्ल्याचं दार लावलं.

मी हातात पट्टा घेऊन तसाच उभा. अर्थ एकच आहे. पण एकीच्या म्हणीत रात्री एक चोर येतो आणि दावं सोडून बैल नेतो, दुसरीच्या म्हणीत फौज येते. नुकसान केवढं, चोर कोण, दार कसलं, सगळं वेगळं. त्यात गंमत बघा, गडकिल्ल्यांचं कौतुक आम्हा मराठी माणसांना किती, आणि म्हण करायची वेळ आली तेव्हा आम्ही गोठ्यात गेलो.

म्हण वाचायची कशी, हे मला कुणी शाळेत शिकवलं नाही. शाळेत गाळलेल्या जागा भरल्या आणि 'म्हणीचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' एवढं केलं. जे शिकलो ते जहाजावर. खानापूर तालुक्यातली बरीच पोरं कामाला गोव्याला उतरतात. मी तसाच उतरलो आणि वास्कोहून पुढं तेलाच्या जहाजावर भंडारी म्हणून लागलो. भंडारी म्हणजे स्वयंपाकी. डेकवर एक मदुरी माणूस होता. मदुरा हे इंडोनेशियातलं बेट, जावाच्या ईशान्य टोकाला चिकटल्यासारखं. 2009 साली जावातल्या सुराबाया शहरापासून बेटापर्यंत साडेपाच किलोमीटरला थोडा कमी असा पूल झाला, त्याआधी होडीशिवाय जाणं नव्हतं. बेटाचे चार जिल्हे आहेत: बांकालान, साम्पांग, पामेकासान, सुमेनेप. हा अगदी पूर्वेकडच्या सुमेनेपचा. मला 'तरेतान' म्हणायचा, म्हणजे भावंड. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत आणि निम्मं हातवाऱ्यांत. पण म्हण सांगायची झाली की तो आधी मदुरीतच म्हणायचा, मग कांद्याच्या सालीवर, पिठावर, टेबलावर सांडलेल्या चहात बोटानं चित्र काढून दाखवायचा. तेव्हापासून मला सवय लागली, आधी चित्र आणि अर्थ मागाहून.

तुम्हाला आपल्या गावच्या म्हणी गोळा करायच्या असतील, त्यातून आपण कसली माणसं आहोत हे बघायचं असेल, तर मी करतो ते सांगतो. ह्याला शास्त्र म्हणू नका.

पहिली गोष्ट, कुणाला "एखादी म्हण सांगा" असं कधी विचारू नका. मी विचारून बघितलंय. माणूस छताकडं बघतो, मग पुस्तकातली 'अति तेथे माती' सांगतो. त्याऐवजी भांडण विचारा. "त्या बांधाचं पुढं काय झालं हो काकू?" एवढं विचारलं की पुरे. पाच मिनिटांत तीन म्हणी पडतात, त्यातली एखादी तुम्ही कधी ऐकलेली नसते. म्हण ही गरज पडल्याशिवाय तोंडात येत नाही, शिंकेसारखी असते.

लिहिताना जशी ऐकली तशीच लिहा. 'झाकली मूठ' कुणी 'झाकल्याली मूठ' म्हटली तर तसंच. कानडी असेल तर कानडी शब्द देवनागरीत लिहा, भाषांतर नंतर. आणि बाजूला तीन गोष्टी हव्यातच: कोण बोललं, कुणाला बोललं, कशावरून बोललं. ह्या तीन नसतील तर ते पान माझ्या मते रद्दीत घाला. 'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' सुनेनं मनाशी म्हटली तर धीर, सुनेनं सासूच्या देखत म्हटली तर धमकी, आणि सासूनंच म्हटली तर ती थकली असं समजायचं. कानडीत हीच 'अत्तेगोंदु काल, सोसेगोंदु काल' अशी आहे. तिच्यात दिवस मोजलेले नाहीत, नुसता काळ आहे. चार-चार अशी सारखी वाटणी आम्ही केली, वाटणीपत्रावर सह्या केल्यासारखी.

कोण कुणाला बोललं, ह्याला मदुरीत तर जास्तच वजन. त्या भाषेत बोलण्याच्या पायऱ्या आहेत. बरोबरीच्याशी 'एन्जा-इया', मान द्यायचा असेल त्याच्याशी 'एंगी-बुंतेन', आणि त्या दोन्हींच्या मधे आणखी एक. पायरी बदलली की साधेसाधे शब्दही बदलतात. आपल्याकडं अरे-तुरे आणि अहो-जाहो आहे, त्यापेक्षा हे बरंच खोल. मान कुणाला कोणत्या क्रमानं, तेही त्यांनी चार शब्दांत बांधून ठेवलंय: 'बुप्पा, बाबू, गुरू, रातो'. बाप, आई, गुरू, राजा. राजा सगळ्यांत शेवटी. आपल्या गावात सरकारी साहेब आल्यावर खुर्ची पुसायची धांदल उडते, ती आठवून मला ह्या क्रमाचं अप्रूप वाटतं.

आता मुख्य काम. म्हण लिहून झाली की अर्थ लिहू नका. त्यातली वस्तू शोधा आणि ती वस्तू प्रत्यक्ष काय आहे ते बघून या. हे काम सगळे टाळतात. 'बैल गेला नि झोपा केला' मधला झोपा म्हणजे काय, हे मी गिरणीवर आलेल्या कॉलेजच्या पोरांना विचारलं. बहुतेकांना वाटलं, बैल गेला आणि मालक झोपला. झोपा म्हणजे गोठ्याच्या तोंडाला लावायचं दार. मी आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबीकडं, जिथं मलप्रभा उगम पावते, तिकडच्या एका वाडीत एक बघून आलो. बांबूच्या कामट्या, त्यात आडव्या काठ्या, वेलीनं आवळलेल्या. बिजागरी नाही, कडी नाही. उचलायचं आणि तोंडाशी टेकवायचं, खालून एक दगड. मी एका हातानं बाजूला केलं. तेव्हा कुठं म्हणीतला डंख कळला. हे दार करायला एक दुपार पुरते. रान जवळ, बांबू फुकट, कोयता घरात. तेवढंही त्यानं बैल असताना केलं नाही. मूर्खपणा नाही, हा आळस आहे, आणि म्हण त्याला हसते आहे. किल्ल्याच्या दाराला मात्र माणसं ठेवलेली असतात. ते उघडं राहिलं तर चूक एकट्याची नाही, सगळ्या गावाची. म्हणजे सारख्या दिसणाऱ्या दोन म्हणींत शिव्या वेगवेगळ्या माणसाला बसतात. अर्थ आधी लिहिला असता तर हे सुटलंच असतं.

वस्तू कळली की ती बदलून बघा. 'गाढवाला गुळाची चव काय' मधला गूळ काढा आणि साखर घाला. म्हण लंगडते. गूळ घरचा, गुऱ्हाळाचा, त्याची चव कशी ते सांगायला लागत नाही. कानडीत गाढवच आहे, पण 'कत्तेगेनु गोत्तु कस्तूरी परिमळ'. गाढवाला कस्तुरीचा वास काय कळणार. तिथं चव नाही, सुवास आहे, आणि वस्तू घरची नाही, दुर्मिळ. गूळ न कळणारा अडाणी ठरतो. कस्तुरी न कळणारे आपण सगळेच, कारण कस्तुरी हुंगलीय कुणी? मला विचाराल तर आमचीच म्हण जास्त टोचते. ही घरची माया असेल, मान्य.

ह्या दोन रीती, वस्तू बघणं आणि वस्तू बदलणं, मी शिकलो ती मदुरी म्हण अशी: 'मोन अताने, अताना, मोन अडागांग, अडागिंग'. अताने म्हणजे शेती करणं, अताना म्हणजे भात शिजवणं. अडागांग म्हणजे व्यापार करणं, अडागिंग म्हणजे अंगावर मांस चढणं. शेती केलीस तर भात शिजेल, व्यापार केलास तर अंग धरशील. तोंडानं म्हणून बघा, एकेका अक्षराच्या फरकानं कामाचं फळ होतं. त्यानं हे मला सांगितलं तेव्हा मी भाताचं आधण ठेवत होतो. त्यानं पातेल्याकडं बोट केलं, मग माझ्या पोटाकडं. भंडाऱ्याचं पोट, काय सांगणार.

आमच्या भागात ह्या म्हणीची जोड लावायची तर कानडीतली लागते: 'कै केसरादरे बायि मोसरु'. हात चिखलात गेला तर तोंडात दही. मराठीत लोक लगेच 'पेराल तसं उगवेल' म्हणतात, पण ती जोड चुकीची. पेरण्या-उगवण्यात न्याय आहे, वाईट पेराल तर वाईट. मदुरी आणि कानडी म्हणीत न्यायनिवाडा नाहीच, जेवण आहे. त्या दोघींतही परत फरक. कानडीत एकच काम आहे आणि एकच ताट, चिखलाचं शेत आणि दावणीला म्हैस. मदुरीत मात्र कामं दोन. का? तर बेट चुनखडीचं, रान बरंचसं कोरडवाहू. तिथं लोक पिढ्यान्‌पिढ्या तांदळात मका मिसळून खात आले. नुसत्या शेतीवर पोट भरत नाही, म्हणून मीठ पिकवतात, तंबाखू लावतात, समुद्रावर जातात, बेट सोडून जावात आणि पलीकडं जाऊन धंदा करतात. त्यांच्या भाजलेल्या मांसाच्या काड्या, 'साते मदुरा', सगळ्या इंडोनेशियात विकल्या जातात. शेतीनं भात मिळतो, पण मांस व्यापारातच, हा हिशोब त्या बेटाच्या मातीतून आलाय. निपाणीकडच्या तंबाखूवाल्या माणसाला हा समजावून सांगावा लागणार नाही. त्यांची तंबाखू लवंग घातलेल्या सिगारेटीत जाते, आपली विडीत, एवढाच काय तो फरक.

ह्याच कुळातली आणखी दोन. 'कार-कारकार चोल्पे', कोंबडी कशी उकरते, टिपते, परत उकरते, तसं कमवायचं. आपण 'थेंबे थेंबे तळे साचे' म्हणतो. पण तळ्याला काही करावं लागत नाही, पाणी आपसूक पडतं. खानापूरच्या पावसात राहणाऱ्याला तळं सुचणारच. कोरड्या बेटावर पाय झिजवून उकरावं लागतं. दुसरी 'अबांताल ओम्बा, असापो आंगेन'. लाटांची उशी, वाऱ्याचं पांघरूण. ही दर्यावरच्या माणसाची. हिला मराठी जोड शोधायच्या भानगडीत मी पडलो नाही. रात्री डेकवर ताडपत्रीवर आडवं होऊन ती ऐकली की पुरे होतं.

आता एक चूक सांगतो, ती करू नका. मदुरी म्हणींत सगळ्यांत गाजलेली ही: 'आंगोआन पोतेया तोलांग, एतेम्बांग पोतेया माता'. डोळे पांढरे होण्यापेक्षा हाडं पांढरी झालेली बरी. हाडं पांढरी म्हणजे मरण. डोळे पांढरे म्हणजे बेअब्रू होऊन जगणं. मला ती ऐकायला फार आवडली होती, आमच्या 'मोडेन पण वाकणार नाही'ची थोरली बहीण वाटली. एका रात्री माझा भात लागला आणि मोठ्या भंडाऱ्यानं सगळ्यांसमोर मला झापलं. मी शायनिंग मारायला करपलेलं पातेलं डोक्यावर धरलं आणि ही म्हण म्हटली. बाकीचे हसले. माझा तरेतान ताट ठेवून उठून गेला. दोन दिवस बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यानं समजावलं. त्यांच्याकडं लाजेला दोन शब्द आहेत. 'तोदुस' म्हणजे आपल्याच हातून काही चुकलं म्हणून वाटणारी लाज. 'मालो' म्हणजे दुसऱ्यानं आपली अब्रू काढली, चारचौघांत उतरवलं, बायकोवर नजर टाकली, त्यानं होणारी. पांढऱ्या हाडांची म्हण मालोची आहे. भात करपला तर तो तोदुस, त्यात हाडं कसली आणतोस? आणि दुसरं, ती म्हण त्यांच्याकडं हसण्यावारी न्यायची नाहीच. अब्रूवरून कोयत्यानं होणाऱ्या मारामाऱ्यांना ते 'चारोक' म्हणतात, त्यात माणसं खरोखर मेली आहेत. ही म्हण उच्चारली की समोरच्या माणसाच्या डोळ्यांपुढं कुणाचं तरी घर उभं राहतं. मराठीतही हे आहे, आपण विसरतो. 'जनाची नाही तर मनाची' म्हणताना आपण तोदुस-मालोसारखीच फोड करतो, फक्त आपल्याला शब्द एकच पुरतो, लाज.

म्हणून माझ्या वहीत प्रत्येक म्हणीपुढं एक खूण असते. हलकी असेल तर टिंब, जड असेल तर फुली. फुली असलेली म्हण मी स्वतः वापरत नाही, फक्त ऐकतो.

ह्याच म्हणीवरून दुसरी खबरदारी निघते. जावातले लोक हिचा दाखला देऊन 'मदुरी म्हणजे तापट, लगेच कोयता काढणारे' असं म्हणून मोकळे होतात, असं तो चिडून सांगायचा. सीमाभागातल्या माणसाला हे नवीन नाही. 1956 नंतर आमच्याबद्दल दोन्हीकडच्या राजधान्यांत काय काय बोललं गेलं! ह्या माणसांना भांडायला आवडतं, हे मी मुंबईत ऐकलंय आणि बेंगळुरातही. खरं तर खानापूरच्या बाजारात सकाळी अकरापर्यंत एकही माणूस भाषेवरून भांडत नाही, कोथिंबिरीच्या पेंडीवरून मात्र भांडतो, तेही दोन्ही भाषांत. तर एका म्हणीवरून माणसांची पत्रिका मांडू नका. जी म्हण हाती लागली, तिच्या उलटी म्हण त्याच लोकांत शोधा. असतेच. 'बळी तो कान पिळी' म्हणणाऱ्या गावातच 'गाव करी ते राव न करी' असतं.

मदुरीत पांढऱ्या हाडांसमोर मी तीन लावतो. 'सोंग-ओसोंग लोम्बुंग', धान्याचं कोठार सगळ्यांनी मिळून खांद्यावर उचलून न्यायचं. 'रांपा नाओंग, बेरिंगिन कोरोंग', वडाच्या जातीचं दाट झाड आणि त्याची सगळ्यांना पुरणारी सावली, म्हणजे गुण्यागोविंदानं नांदणं. (आमच्याकडं वड आला की त्याची साल पिंपळाला लावली जाते. असो.) आणि तिसरी, मला सगळ्यांत आवडणारी, 'ओरेंग दाद्दी तरेतान, तरेतान दाद्दी ओरेंग'. परका भाऊ होतो, भाऊ परका होतो. अब्रूसाठी जीव देणारा आणि परक्याला भाऊ करणारा माणूस एकच आहे. ह्या दोन्ही म्हणी शेजारी ठेवल्या तरच तो दिसतो. बेट सोडून परक्या गावात धंदा करायचा तर परक्याला भाऊ करावंच लागतं, आणि परक्या गावात अब्रू गेली तर पाठीशी उभं राहायला कोण असतं? बकरी ईदच्या आधी ही माणसं लोंढ्यानं बेटावर परततात, त्याला 'तोरोन' म्हणतात. गणपतीला पुण्याहून, गोव्याहून येणाऱ्या बसगाड्या खानापूरच्या स्टँडवर बघितल्यात ना, तसंच.

राहता राहिलं भाषांतर. ते सगळ्यांत शेवटी, तीन ओळींत. पहिल्या ओळीत शब्दाला शब्द. दुसरीत वस्तू काय, कुठं असते, किती किमतीची. तिसरीत आपली जवळची म्हण आणि ती कुठं जुळत नाही ते. तिसऱ्या ओळीत 'अगदी सेम' असं लिहावंसं वाटलं तर पेन खाली ठेवून चहा घ्या आणि परत बघा. 'कुंपणच शेत खातं' आणि कानडी 'बेलिये एद्दु होल मेय्दंते' ह्या दोन्हींपुढं मी 'अगदी सेम' लिहून ठेवलं होतं. गिरणीवरच्या अक्कांनी काढून दाखवलं. कानडीतलं कुंपण 'एद्दु' आहे, म्हणजे उठून शेत चरतं. आमचं कुंपण जागच्या जागी बसून खातं.

मी गिरणी घातली तरी तरेतान अजून समुद्रावर आहे. किनाऱ्याला लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवतो. मध्यंतरी मी त्याला 'नाचता येईना अंगण वाकडं' पाठवली आणि विचारलं, तुमच्यात अशी कुठली? त्याला नाचण्याचं लगेच कळलं. अंगणावर गाडी अडली. त्याचं उत्तर तीन मिनिटांचं होतं, मागून इंजिनाची घरघर. त्यांच्याकडं घरं एका ओळीत असतात, दक्षिणेकडं तोंड करून, पुढं एकच लांब अंगण. 'तानेआन लांजांग' म्हणतात त्याला. पश्चिमेच्या टोकाला नमाजाची छोटी खोली, समोरच्या बाजूला चुली आणि गोठे. मुली लग्नानंतरही तिथंच राहतात, थोरलीपासून धाकटीपर्यंत पूर्वेकडं घरं वाढत जातात. त्याच अंगणात लग्न, तिथंच तंबाखू वाळवायची, पोरं तिथंच खेळायची.

"तरेतान," तो म्हणाला, "ते अंगण वाकडं म्हणायचं म्हणजे माझ्या आजीला, पाच मावश्यांना आणि त्यांच्या नवऱ्यांना नावं ठेवायची. तुमच्यात अंगण एकाच घराचं असतं काय?"

त्या पानावर मी वर फक्त 'अंगण' एवढंच लिहून ठेवलंय. पुढं टिंब घालायचं की फुली, ते अजून ठरलेलं नाही.